एका नावाच्या दोघी

हिल्लेवी हे नाव आमच्यापैकी कुणालाच धड घेता यायचं नाही. वॉर्डातल्या मल्याळी नर्सेस तिला ‘हिली सिस्टर’ म्हणायच्या. बाळंतपणाला आलेल्या कुवेती बायका ‘हेल्वा’ म्हणायच्या, कारण अरबीत हेल्वा म्हणजे गोड, देखणी, आणि त्यांना वाटायचं हे तिचं लाडाचंच नाव असणार. माझी आई त्याच वॉर्डात स्टाफ नर्स होती. ती ‘हिल्लवी’ म्हणायची, मधला ‘ए’ गिळून टाकून. दिनूमामाने मात्र पहिल्याच शुक्रवारी तिचं नाव ‘हळवीबाई’ करून टाकलं. दिनूमामा म्हणजे आईचा लांबचा भाऊ, गावाकडचा सुतार. राई नावाच्या भागातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला होता आणि जलीबमधे एका खोलीत सातजणांबरोबर राहायचा. शुक्रवारी सुट्टी असली की आंघोळ करून, केसांना तेल लावून आमच्याकडे जेवायला यायचा. “ताई, हळवीबाई आल्या काय गो?” असं तो दारातूनच विचारायचा, आणि ती आत बसलेली असायची, आणि आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं कळून हसायची.

ती स्वीडनची. सुईण म्हणून आली होती, आणि आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. अर्दियातल्या ज्या इमारतीत हॉस्पिटलने आम्हा लोकांना जागा दिल्या होत्या, तिथेच तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची, आम्ही दुसऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. हात मोठे, लाल, पुरुषासारखे. आवाज मात्र अगदी बारीक. आमच्या घराशी तिचं सूत जुळलं ते वेलचीमुळे. आई एका दुपारी रव्याचे लाडू करत होती, स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि ही वरून तो वास घेत घेत खाली आली. दार उघडल्यावर तिचे डोळे भरलेले. तिच्या आजीच्या घरी पावात वेलची घालायचे म्हणे. मला ते तेव्हा खोटं वाटलं होतं. बर्फाच्या देशात कुठली आलीय वेलची? पण तसंच आहे. पुढे मी ते पाव खाल्लेही, पण ती गोष्ट इथली नाही.

मी पंधरा वर्षांची होते. इंडियन स्कूलमधे शिकत होते आणि आईबाबा मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तरं देत होते. आईला त्याचा राग यायचा. “जिभेला हाड नाही म्हणतात, हिच्या जिभेला मराठीच नाही,” असं ती दिनूमामाला सांगायची. बाबा एक्स-रे टेक्निशियन. कमी बोलणारे, प्रत्येक कागद दोन प्रतींत ठेवणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे. आणि त्या उन्हाळ्यात आई इतक्या वर्षांनी पुन्हा पोटुशी होती. म्हणून आम्ही सुट्टीत गावी गेलो नाही. सगळी ओळखीची माणसं गेली आणि आम्ही मागे राहिलो, एवढ्याच कारणासाठी. आईने ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही, पण ती कुठल्या वेळी हाच विचार करतेय ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

इराकी सैन्य शिरलं त्या सकाळी आधी वाटलं की कुणीतरी इमारत पाडतंय. बाबा ड्युटीला निघाले होते, ते अर्ध्या तासात परत आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसले. बूट घालून बाबा घरात आले हेच मला पहिल्यांदा भयंकर वाटलं. रणगाड्यांचं नंतर कळलं. मग फोन गेले. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. बेकरीपुढे पहाटेपासून खुब्जसाठी, म्हणजे तिथल्या रोटीसाठी, रांगा, आणि रांगेत बंगाली, इजिप्शियन, आपली माणसं, सगळी खाली मान घालून उभी. आईने डबे काढले. तांदूळ, तूरडाळ, गावाहून आणलेला जवळा, आमसुलं. किती दिवस पुरेल याचा अंदाज घेत तिने सगळं पुन्हा लावून ठेवलं. तोपर्यंत आमच्या घरात शुक्रवारी झुबैदीचं कालवण व्हायचं, झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच. त्यानंतर मी जवळपास दोन महिने ताज्या मासळीचा वास घेतला नाही.

दुसऱ्या आठवड्यात रेडिओवर सांगू लागले की गोऱ्या परदेशी लोकांनी हजर व्हावं, आणि त्यांना जो घरात लपवील त्याला फाशी होईल. त्या संध्याकाळी आईने जेवणं वाढली आणि स्वतः बसली नाही.

“ती वर एकटी आहे,” ती म्हणाली.

बाबांनी भात कालवला. “तिच्या एम्बसीने बघायला पाहिजे.”

“एम्बसी कुठून बघणार? खालच्या चौकात गाडी उभी आहे त्यांची. आज नाही तर उद्या जिने चढतील.”

“अगं, आपल्याला एक पोर आहे. दुसरं वाटेवर आहे. फाशी म्हणताहेत ते, दंड नाही.”

“मला ऐकू आलं.”

“मग?”

“मग काही नाही. तिला सुमीच्या खोलीत झोपवू. सुमी आपल्यात झोपेल.” सुमी म्हणजे मी. एवढं बोलून आईने बाबांच्या पानात आमटी वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी चप्पल न घालता, अनवाणी जिना चढून तिला खाली आणलं, आवाज होऊ नये म्हणून. बाबांच्या भित्रेपणाबद्दल मी पुढे पुष्कळ वर्षं मनात अढी धरून होते. आता पन्नाशी उलटल्यावर मला तो अनवाणी जिना आठवतो.

ती तीन आठवडे आमच्याकडे होती. खिडकीजवळ जायचं नाही, आमच्यापैकी घरात कुणी नसेल तर नळ सोडायचा नाही, दार वाजलं की बाथरूमवरच्या माळ्यावर चढून बसायचं, असे नियम आईने घातले आणि ती ते वॉर्डातल्या नियमांसारखे पाळायची. रोज सकाळी ती आईचं बीपी घ्यायची, पायाची सूज दाबून बघायची, पोटाला कान लावायची. दोघींचं इंग्रजी हॉस्पिटलातलं, कामापुरतं. जरा वेगळं काही सांगायचं झालं की मला हाक. तेव्हाच दोघींनी एकमेकींना आपापल्या गावचे पत्ते लिहून दिले होते. दुपारी ती जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करत तांदूळ निवडायची. दिनूमामा जलीबहून चालत, सैनिकांची नाकी चुकवत यायचा, कधी कांदे, कधी दुधाच्या पावडरचा डबा घेऊन. एकदा तो तिच्यासाठी माळ्यावर चढायला लाकडी पायरी करून घेऊन आला, दोन तुकड्यांत, पिशवीत घालून. तिने ती जोडलेली पायरी हाताने चाचपून पाहिली आणि त्याचा हातच धरला. मामा इतका लाजला की चहा न घेता गेला.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजले असतील. बाबा हॉस्पिटलात होते. ज्यांच्या हाताला काम येत होतं त्यांना तिथून सुटका नव्हती. आई कपडे वाळत घालून आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. “हिल्लवी,” तिने हाक मारली, तिचं नाव मोठ्याने न घेण्याचा आमचा नियम मोडून. दिवस भरायला अजून सहा आठवडे होते. हिल्लेवीने एकदा तपासलं आणि मला पाणी उकळायला सांगितलं. हॉस्पिटल गाडीने दहा मिनिटांवर, पण गाडी नव्हती, आणि मधे तीन नाकी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, “इथेच होईल.”

कळा सुरू होऊन तासभर झाला आणि खालच्या मजल्यावर दारं वाजू लागली. मग बूट. मी आत धावत गेले. “आंटी, माळा. आंटी, ते येताहेत.” तिने मानही वर केली नाही. तिचे दोन्ही हात कामात होते. आई दातांत ओढणी धरून म्हणाली, “जा तू. जा.” हिल्लेवीला ते मराठी कळलं असणार. ती म्हणाली, “श्वास घे.”

दार मी उघडलं. एक अधिकारी आणि दोन सैनिक. अधिकारी बाबांपेक्षा लहान होता, मिशी नुकतीच राखलेली. घरात कोण आहे, त्याने विचारलं. शाळेतल्या अरबीत मी कसंबसं सांगितलं, आई, बाळ येतंय. आतून आईची किंकाळी आली. तो मला बाजूला करून खोलीच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. त्याला काय दिसलं ते मलाही त्याच्या मागून दिसलं: भिंतीला टेकलेली आई आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलेली, पांढऱ्या-सोनेरी केसांची, कोपरापर्यंत लाल झालेली बाई. बाईने मागे न बघताच ओरडून सांगितलं, “बर्रा!” म्हणजे बाहेर व्हा. लेबर रूममधे घुसणाऱ्या नवऱ्यांवर ती असंच ओरडायची, आई सांगायची. आणि तो अधिकारी खरंच बाहेर झाला. सैनिकांना त्याने जिन्यात उभं केलं आणि स्वतः आमच्या जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसला. मी त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला आणि ग्लास कुठे ठेवू असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

बाळ रडायला फार वेळ लागला. तो मधला वेळ मी मोजलेला नाही, पण अजूनही कधी घर एकदम शांत झालं की मला तो मधला वेळ येऊन गाठतो. मग एक आवाज आला, रडण्यापेक्षा कुरकुरण्यासारखा. अधिकाऱ्याने डोळे मिटले आणि तो काहीतरी पुटपुटला. वार पडेपर्यंत, आईला पुसून स्वच्छ करेपर्यंत तो बसून राहिला. हिल्लेवी बाहेर आली तेव्हा तिने हात धुतलेले होते आणि केस बांधलेले होते. त्याने वही काढून नाव विचारलं. तिने सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. मग तो माझ्याकडे वळला आणि सावकाश, मला कळेल अशा शब्दांत म्हणाला, “ही आज हॉस्पिटलातून आली. बाळंतपणासाठी. आजच. हो ना?”

मी “हो” म्हटलं. या एका ‘हो’ने आम्ही वाचलो. तो माणूस कोण, पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. त्याच ‘हो’ने मी तिला त्यांच्या हाती दिलं असंही मला कित्येक वर्षं वाटत राहिलं, जरी ते खरं नाही.

जाण्याआधी हिल्लेवीने आईला सांगितलं, दर दोन तासांनी पाज, ओढत नसेल तर कापसाच्या बोळ्याने, छातीशी उघडं धर, ऊब सोडू नकोस. आईने तिचा हात सोडला नाही. सैनिकाने दारावर टकटक केल्यावर सोडला. ते जिना उतरायला लागले आणि आईने मला हाक मारली. “जा, तिला सांग, हिचं नाव मी तिचंच ठेवणार. धाव.” मी पहिल्या मजल्यावर तिला गाठलं. दोन सैनिकांच्या मधे ती घरातल्या सपातांवर उभी होती. मी सांगितलं. तिने आधी हात तोंडावर नेला आणि मग हसली. “बिचारी मुलगी,” ती म्हणाली. “तिथे कुणालाच घेता येणार नाही ते नाव.”

दिनूमामा दुसऱ्या दिवशी आला. बाळाला बघायला तो खाली वाकला. त्याच्या तळहातावर मावेल एवढं ते होतं. मग म्हणाला, “ताई, नाव अगदी बरोबर पडला. आपल्याकडे लवकर पिकणाऱ्या भाताला हळवाच म्हणतात. गरवा भात मागून येता. ही आपली हळवी.” आई त्या महिन्यात एकदाच हसली, ती तेव्हा.

हिल्लेवी बगदादच्या कुठल्याशा हॉटेलात होती आणि तिथून काही दिवसांनी बाकीच्या बायकांबरोबर तिला सोडलं, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा काहीच कळलं नव्हतं. आमच्याकडची पावडर संपत आली, वीज जाऊ लागली, आणि बाबांनी निर्णय घेतला की आता बस मिळेल तशी निघायचं. बाळ बावीस दिवसांचं होतं. बसरा, बगदाद, आणि मग जॉर्डनच्या दिशेने नुसतं वाळवंट. दिनूमामा आमच्याबरोबर होता, त्याच्याकडे हत्यारांची पेटी आणि एक चादर. बाळ सगळी वाट आईच्या ब्लाउजमधे होतं, हिल्लेवीने सांगितलं होतं तसं. ते रडायचं नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती गुणाचं.

दोन देशांच्या सीमांच्या मधे, कुणाचीच नसलेली एक जमीन होती, तिथे तंबू. हजारो माणसं. पाण्याचा टँकर आला की धावाधाव, आणि दिवसभर वारा, आणि त्या वाऱ्याबरोबर बारीक धूळ, भाकरीत, डोळ्यांत, बाळाच्या नाकपुड्यांत. आई ओल्या फडक्याने तिचं नाक पुसत बसायची. तिसऱ्या सकाळी मी पाणी घेऊन आले तर आई तशीच बसलेली होती, पुसत. बाबांनी खाली वाकून पाहिलं आणि आईचा हात धरून थांबवला.

दवाखान्याच्या तंबूतून एक माणूस कागद घेऊन आला. नाव काय, त्याने विचारलं. बाबा म्हणाले, “अजून ठेवलं नव्हतं. बेबी गर्ल लिहा.” आई म्हणाली, “तिला नाव आहे.” आणि तिने ते घेतलं, पहिल्यांदा पूर्ण, एकही अक्षर न गिळता. त्या माणसाला ते लिहिता येईना. त्याने पेन माझ्या हातात दिलं. मी इंग्रजी मोठ्या अक्षरांत ते लिहिलं. दिनूमामाने कुणाकडून तरी फावडं मागून आणलं. एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. तंबूंच्या पलीकडे आणखीही काही लहान उंचवटे होते. मामाने आपल्या पेटीतली एक फळी तासून तिथे रोवली. तिच्यावर काही लिहिलं नाही. वारा इतका होता की ती फळी दुपारपर्यंतही टिकली असेल असं मला वाटत नाही.

चिपळूणजवळच्या आमच्या गावी आलो. काकांनी घरातली एक बाजू दिली, माणसं येऊन विचारपूस करून गेली. कुवेतचं किती गेलं, हे सगळे विचारत. बाळाबद्दल कुणी विचारलं नाही. आत्याने एकदाच, आईच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेने सांगितलं, “बारसं झालं नव्हतं ना? मग ते मूल धरू नये, वहिनी. लावून घेऊ नकोस.” आई मान हलवून उठली. तिचं दूध अजून आटलं नव्हतं. ती मोरीत जाऊन, दार लावून, पिळून टाकायची आणि वरून तांब्याभर पाणी ओतायची. मी बाहेर परीक्षेचा अभ्यास करत असायचे. ते पाणी ओतण्याचा आवाज ऐकू आला की मी पान उलटायचे. बाळाचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही. आईनेही नाही.

तिकडे युद्ध सुरू होऊन संपलं आणि मग पहिलं पत्र आलं. पाकिटावर परदेशी तिकिटं पाहून पोस्टमनच थांबून राहिला होता. मी वाचायचं आणि आईला मराठीत सांगायचं, असं ठरलेलंच होतं. सुटका कशी झाली ते थोडक्यात होतं, आणि मग दोन पानं नावाबद्दल. तिने लिहिलं होतं: तू खरंच माझं नाव तिला दिलं असशील, तर तिला मोठेपणी सांगता यावं म्हणून हे लिहिते. हे नाव मुळात आमचं नाही. फार पूर्वी जर्मन मुलखातून आलं, तेव्हा ते हाइलविग होतं. ‘हाइल’ म्हणजे धडधाकट, अखंड, नशीबवान. ‘विग’ म्हणजे लढाई. आमच्याकडच्या तोंडांत ते शेकडो वर्षं घासलं जाऊन हिल्लेवी झालं. माझ्या शाळेत हे नाव असलेली मी एकटीच होते, आणि मला ते आवडायचं नाही. माझ्या वडिलांच्या आईचं हे नाव. आमचे पाद्री तिला सांगायचे की अशा जुन्या नावांचे दोन तुकडे नुसते जोडलेले असतात, एक आईच्या घराण्यातला, एक बापाच्या. त्यांचा मिळून अर्थ लावायचा नसतो. पण आजी ऐकायची नाही. ती म्हणायची, अर्थ स्पष्ट आहे: लढाईतून धड बाहेर पडलेली.

हे वाक्य मी आधी मनात वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

“पुढे काय?” आईने विचारलं.

मी सांगितलं. खोटं सांगायला पाहिजे होतं की काय, ते मला आजही ठरवता येत नाही. आईने ऐकून घेतलं. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “उत्तर लिही. लिही की मुलगी खुशाल आहे. पालथी पडते. आवाज आला की मान वळवते.”

मी पेन धरून बसले.

“लिही ना.”

मी लिहिलं. पालथी पडते, मान वळवते, दिसायला बाबांसारखी आहे. खाली आईने सही केली, आपलं साधं नाव. बाबा ओसरीवर होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार. ते उठून बागेत गेले.

पावसाळ्याच्या अखेरीस पार्सल आलं. लोकरीचा स्वेटर, निळा, हाताने विणलेला, वर्षाच्या मुलीच्या मापाचा. सोबत चार ओळी: आता ती उभी राहत असेल, आमच्याकडे एवढ्या वयाच्या मुली भिंतीला धरून चालतात. आईने स्वेटर घडी मोडून पाहिला, परत तशीच घडी घातली आणि पार्सलचा कागदसुद्धा नीट घडी करून ठेवला. त्या आठवड्यात तिने मला दोनदा विचारलं, “मुलींना दात कितव्या महिन्यात येतात, काय लिहू या?” तीन हजार बाळंतपणं पाहिलेली बाई मला दातांचं विचारत होती. मला भीती वाटली. मला वाटलं, हे असंच चालू राहील, ती शाळेत जाईल, तिला परीक्षा असतील, आणि हे सगळं मला लिहावं लागेल.

मग मी कॉलेजच्या नावाखाली तालुक्याला जाऊन, पोस्टातल्याच बाकावर बसून, आईच्या नकळत खरं ते लिहून टाकलं. तंबू, वारा, तिसरी सकाळ, कागदावर मी लिहिलेलं नाव. शेवटी लिहिलं, कृपा करून आईला कळू देऊ नका. पाकीट पेटीत पडलं तो आवाज ऐकल्यावर मला ते परत काढावंसं वाटलं.

उत्तर यायला दोन महिने लागले. पाकिटावर आईचं नाव होतं, माझं नव्हतं. मी आईसमोर बसून ते फोडलं आणि पहिल्या ओळीवरच थांबले. हिल्लेवीने माझं पत्र झाकून ठेवलं नव्हतं. मात्र रागाचं किंवा समजुतीचं अक्षरही नव्हतं. तिने फक्त काय केलं ते लिहिलं होतं. त्यांच्या गावात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजवतात, गावाला कळावं म्हणून. ती पाद्रींकडे गेली आणि म्हणाली, एका मुलीसाठी घंटा वाजवायची आहे. पाद्रींनी विचारलं, आपल्या गावातली कोण? ती म्हणाली, कुवेतमधली. ते म्हणाले, घंटा आपल्या गावच्या माणसासाठी असते. तेव्हा ती म्हणाली, मुलगी नसेल, पण नाव या गावचं आहे. माझी आजी तुमच्या चर्चच्या आवारात त्याच नावाच्या दगडाखाली आहे. पाद्रींनी ते नाव वहीत लिहून घेतलं. रविवारी दुपारी घंटा वाजवली. रस्त्यावरची माणसं थांबून विचारत होती कोण गेलं, आणि ती त्यांना सांगत होती, हिल्लेवी, सव्वीस दिवसांची.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही. सांगून झाल्यावर कागद हातात धरून मान खाली घालून बसले.

“तिला कुणी कळवलं?”

“मी.”

स्वयंपाकघरात काकू काहीतरी वाटत होत्या, तो आवाज येत होता. मग आईने विचारलं, “किती वेळ वाजवली घंटा?”

मी पत्र उलटसुलट पाहिलं. “ते नाही लिहिलेलं.”

“मग विचार ना. घे कागद. विचार तिला.”

मी कागद घेतला. तो प्रश्न लिहून झाला तरी आई थांबली नाही. तिने सांगायला सुरुवात केली, बसमधे बाळ किती वेळा प्यायलं, कुठल्या गावापाशी तिने डोळे उघडून आपल्याकडे नीट पाहिलं, त्या सकाळी उजाडण्याआधी तिचा श्वास कसा कसा होत गेला आणि आपल्याला ते कळत होतं, नर्स आहे, कळणारच होतं, आणि तरी आपण कुणाला उठवलं नाही, कारण उठवलं असतं तर तिला आपल्या हातातून घेतलं असतं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. ते ओसरीवरून उठून आत आले होते आणि दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मी रडत होते आणि लिहीत होते, आणि मी अडखळले की आई थांबायची, मी मान हलवली की पुढे सांगायची. सहा पानं झाली.

सहीसाठी मी पेन तिच्याकडे दिलं. सगळं पत्र इंग्रजीत होतं. आईने पेन हातात धरून क्षणभर विचार केला आणि खाली, देवनागरीत, सावकाश, एकेक अक्षर सुटं करत लिहिलं: ‘हिल्लेवीची आई’.

बाबांनी पाकीट चिकटवलं. मग पायात चपला सरकवून ते स्वतः पोस्टाकडे चालत गेले.